गळ्याची जागा, बेसची जागा

सांगली, रविवार

चि. ओंकार यास,


टॉवर स्पीकर घ्यावेत की लहान स्पीकरांची जोडी आणि सोबत सबवूफर, असं तू विचारलं आहेस. माझं उत्तर आधीच सांगते. तुझ्या सध्याच्या खोलीत टॉवर आणू नकोस. चांगले बुकशेल्फ स्पीकर घे, भक्कम स्टँडवर ठेव, काही महिने नीट ऐक आणि मगच सबवूफरचा विचार कर. पण केवळ आत्या म्हणते म्हणून पैसे खर्च करू नकोस. यामागचं कारण समजून घेतलंस तर उद्या घर बदललं तरी तुझा निर्णय तुला घेता येईल.

आधी हे बघ की तुझ्या गाण्याला किती खोल जावं लागतं. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्यात जोडीच्या तारा साधारण १३९ हर्ट्झवर असतात आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झवर. डग्ग्याचा घुमाराही साधारण त्याच परिसरातला. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ वर वाजते, पियानोची सर्वांत खालची पट्टी २७.५ वर. साडेसहा इंची वूफरचा चांगला बुकशेल्फ ५० हर्ट्झच्या आसपास पोचतो, टॉवर बहुधा ४० पर्यंत आणि चांगला सबवूफर २०-२५ पर्यंत. म्हणजे ख्याल, नाट्यसंगीत, जुनी चित्रपटगीतं हे जे तू रोज ऐकतोस, त्याचा जवळजवळ सगळा ऐवज बुकशेल्फच्या आवाक्यात आहे. सबवूफर लागतो तो हल्लीचे चित्रपट, इलेक्ट्रॉनिक संगीत आणि पाइप ऑर्गनसारख्या वाद्यांसाठी.

आता तुझी खोली. ती १० बाय १२ फुटांची आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. त्या हिशेबाने समोरासमोरच्या भिंतींमध्ये लांबीच्या दिशेने ४७ हर्ट्झला आणि रुंदीच्या दिशेने ५६ हर्ट्झला लाटा अडकून घुमतात. ४७ हर्ट्झचा तो सूर भिंतींपाशी फुगतो आणि दोन भिंतींच्या बरोबर मध्ये जवळपास नाहीसा होतो. त्यामुळे भिंतीला टेकून बसलास तर बेस अंगावर येईल आणि खोलीच्या मध्यावर खुर्ची ठेवलीस तर तोच बेस हरवेल. आपल्या विटांच्या भिंती आणि काँक्रीटचा स्लॅब यांतून बेस फारसा बाहेर निसटत नाही, आतच परतत राहतो. अमेरिकेतल्या लाकडी चौकटीच्या, पोकळ भिंतींच्या घरात बसून लिहिलेली परीक्षणं वाचताना हा फरक लक्षात ठेव. अशा खोलीत टॉवर आणलेस तर जागेअभावी ते कोपऱ्यांत सरकतील, कोपरा त्यांचा बेस आणखी फुगवेल आणि त्या गदारोळात गायकाचे शब्द बुडतील.

माझ्या सांगण्याचा गाभा इथेच आहे. गळा जिथून उत्तम ऐकू येतो ती जागा आणि बेस जिथून सारखा भरतो ती जागा, या खोलीत बहुधा वेगवेगळ्या असतात. गळ्यासाठी दोन्ही स्पीकर भिंतीपासून सुटे, कानाच्या उंचीवर आणि तुझ्याशी समभुज त्रिकोण करणारे हवेत. बेसला असं बंधन नाही. ८० हर्ट्झची लाट चौदा फुटांची, तुझ्या खोलीहून लांब असते आणि त्याखालचा आवाज कुठून येतो हे कानाला जवळपास ओळखता येत नाही. टॉवरमध्ये ही दोन्ही कामं एकाच खोक्यात, एकाच जागी अडकतात. वेगळ्या सबवूफरने ती सुटी होतात. जास्त धडधड मिळते म्हणून सबवूफर घ्यायचा नसतो, हे मोकळेपण मिळतं म्हणून घ्यायचा असतो.

सबवूफरचा दुसरा फायदा कष्ट वाचण्याचा. तेवढाच आवाज निम्म्या वारंवारतेवर काढायचा तर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर हलावं लागतं. हा भार सबवूफर आणि त्याच्या आतल्या ॲम्प्लिफायरने उचलला की लहान स्पीकर स्वच्छ गातात.

टॉवरवर मात्र अन्याय करू नकोस. पंधरा बाय वीस फुटांचा हॉल असेल, स्पीकर भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे ठेवता येत असतील आणि जुळवाजुळवीचा कंटाळा असेल, तर टॉवरची चांगली जोडी फार समाधान देते. जागा वाचते म्हणून बुकशेल्फ घे, असं कोणी सांगितलं तर ते मनावर घेऊ नकोस. स्टँडवरचा बुकशेल्फ जमिनीवर टॉवरएवढीच जागा घेतो.

पुढे सबवूफर आणलास तर हे कर. तो आधी तुझ्या ऐकायच्या जागी ठेव, बेसचे सूर सलग असलेलं गाणं लाव आणि भिंतीच्या कडेने रांगत फिर. जिथे प्रत्येक सूर सारख्या वजनाने ऐकू येईल, ती त्याची जागा. एव्ही रिसीव्हर असेल तर क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या वारंवारतेखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झवर ठेव. साधा स्टिरिओ ॲम्प्लिफायर अनेकदा लहान स्पीकरांना पूर्ण सिग्नल पाठवतच राहतो. तसा असेल तर स्पीकरांचा बेस जिथे उतरू लागतो तिथे, ५०-६० वर ठेव. अशा वेळी मघाचा भार कमी होण्याचा फायदा मिळत नाही, हेही लक्षात असू दे. सबवूफरवरचं फेजचं बटण दोन्ही बाजूंना फिरवून बघ, बेस जास्त भरदार वाटेल ती बाजू बरोबर. आवाजाची पातळी इतकी ठेव की सबवूफर चालू आहे हे कळू नये, बंद केल्यावर मात्र उणीव जाणवावी. आणि रात्री दहानंतर तो बंद. उच्च स्वर भिंतीत अडतात, बेस मात्र थोडा का होईना, स्लॅबमधून खालच्या घरात उतरतोच. तिथे कोणाचं तान्हं मूल झोपलेलं असेल.

दुकानात जाताना तुला पाठ असलेली तीन ध्वनिमुद्रणं ने: तानपुऱ्यासह पुरुष आवाजाचा विलंबित ख्याल, एकल तबला आणि बेस गिटार स्पष्ट असलेलं एखादं चित्रपटगीत. दोन जोड्या ताडून बघताना आवाज सारखा करून घे, कारण थोडा मोठा वाजणारा स्पीकर कानाला बहुधा चांगला वाटतो. आधी गळा ऐक, सा स्थिर उभा राहतो का ते बघ. शब्दांची कड, श्वास, तबल्याच्या चाटेवरचं बोट हे नीट ऐकू आलं तरच पुढे जा. बजेटचा मोठा वाटा या जोडीवर खर्च कर. मधला आवाज कच्चा असेल तर सबवूफर जोडून तो सुधारत नाही, पण चांगल्या जोडीला सबवूफर कधीही जोडता येतो.

पैसे देण्याआधी खोलीचं माप, पलंग, दार आणि खिडकी दाखवणारा नकाशा काढून मला पाठव. स्टँड कुठे ठेवायचे ते आपण दोघं मिळून ठरवू.

तुझी,
आत्या