वाणी शोधताना

१. वाणी (मिलिपीड) शोधायच्या तर आधी खडक बघावा. चुनखडक पाण्यात विरघळतो आणि त्यात लांबच लांब गुहा पडतात. मेघालयात त्या आहेत. बस्तरच्या कुटुमसर गुहेत तर डोळे खुरटलेले मासे राहतात. आपला वर्धा जिल्हा बहुतेक काळ्या पाषाणावर वसलाय, तो असा विरघळत नाही. चुनखडक हवा असेल तर वर्धा नदीच्या धारेने खाली वणी-कोरपन्याकडे जावं लागतं. अंधारात राहणारे जीव कुठे सापडावेत, हे असं खडकानेच बरंचसं ठरवलेलं असतं.

२. गुहा जवळ नाहीत, तेव्हा आपली सुरुवात शेतातूनच होते. मृगाचा पाऊस पडला की पऱ्हाटी-सोयाबीनचे कोवळे कोंब कुरतडणारी वाणी सगळ्यांना ठाऊक आहे. तिला आवरण्यासाठी रात्री गवताचे ढीग ठेवून सकाळी त्यांच्याखालच्या वाणी वेचायला सांगतात. अभ्यासालाही हाच उपाय उत्तम. ढीग उचलला की त्या पैशासारख्या गुंडाळून पडतात. हातात घेतल्या तर काहींच्या रसाने बोटं तपकिरी होतात, चपट्या जातींना कडू बदामाचा वास येतो. पुढची मोजकी वलयं सोडली तर प्रत्येक वलयाला पायांच्या दोन-दोन जोड्या. हे भिंगातून एकदा बघावंच.

३. पूर्ण वाढलेला नर मिळेपर्यंत जातीचं नाव लिहू नये. बहुतेक गटांत नराच्या सातव्या वलयावरचे पाय मिलनासाठी बदललेले असतात आणि त्यांच्या आकारावरूनच जात ठरते. गोळी होणाऱ्या आर्थ्रोस्फेरासारख्या वाणींमध्ये ते शेपटीकडे असतात. मादी आणि पिल्लं बहुधा कुळापर्यंतच नेता येतात. रंगावर तर मुळीच जाऊ नये.

४. डोळे नाहीत, म्हणजे ती गुहेतलीच, असं मानू नये. चपट्या पाठीच्या पॉलिडेस्मिडा गणात उघड्यावरच्या जातींनाही डोळे नसतात. फिकट अंग, लांबट पाय, लांब मिशा हे सगळं जवळच्या उघड्यावरच्या जातीशी ताडून पाहिलं, तरच काही म्हणता येतं.

५. खोली लिहून ठेवावी. हा मुद्दा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. २०२१ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातून युमिलिपेस पर्सेफोनी ही नवी जात जाहीर झाली. आंधळी, दोऱ्यासारखी, एका मादीला तब्बल १,३०६ पाय! ती गुहेत सापडली नव्हती; खनिजांच्या शोधासाठी पाडलेल्या भोकांतून, ६० मीटरपर्यंतच्या खोलीवरून, ती वर आली. आपल्याकडे गावोगाव विहिरी खणतात, बोअर पाडतात, आणि वर आलेल्या मुरमात कुणी डोकावत नाही. विहिरीचं खोदकाम चालू असेल तिथे मालकाची परवानगी काढून तो ओला ढिगारा चाळावा. जे मिळेल ते अल्कोहोलमध्ये ठेवून आत शिसपेन्सिलीने चिठ्ठी टाकावी: गाव, तालुका, तारीख, किती खोल, कोणता थर.