दारू सोडणाऱ्याचे हात का कापतात?

आमच्या मंडळ्यांत असे वारंवार घडते की, पुष्कळ वर्षे दारूच्या पाशात पडलेला एखादा बंधु आदितवारी सर्वांसमक्ष उभा राहून ती सोडल्याचे वचन देतो, आणि सोमवारी सकाळी त्याचे हात असे कापू लागतात की त्याला पाण्याचा पेला तोंडास लाववत नाही. मग कोणी म्हणतो, ह्याचे मन कच्चे आहे. कोणी बाहेरची बाधा समजून भगताकडे धावतो. ह्या दोन्ही समजुती चुकीच्या असून त्यांपायी माणसे दगावतात. म्हणून ह्या कंपाचे खरे कारण प्रत्येक उपदेशकाने समजून घ्यावे.

आपल्या मेंदूत मज्जातंतूंस शांत करणारे एक द्रव्य आहे. त्यास गॅबा म्हणतात. त्यांस चेतविणारे दुसरे आहे, ते ग्लुटामेट. दारू पहिल्याचे बळ वाढविते व दुसऱ्याचे दडपते. म्हणून पिणाऱ्यास गुंगी येते. परंतु रोज फार पिणाऱ्याचा मेंदू स्वस्थ बसत नाही. शांत करणाऱ्या द्रव्यास तो हळूहळू दाद देईनासा होतो, व चेतविणारी बाजू वाढवीत नेतो. गाडी कोणी मागून ओढून धरली असता गाडीवान बैलांस अधिक हाकतो. धरणाऱ्याने एकाएकी हात सोडले म्हणजे बैल उधळतात. दारू बंद होताच असेच घडते. हात कापतात, छाती धडधडते, दरदरून घाम सुटतो, झोप उडते. उधळलेले बैल शिव्यांनी थांबत नाहीत, हे आमच्या काही कडक वडिलांनी ध्यानात ठेवावे.

हा सर्व उपासमारीचा परिणाम, असे पूर्वी पुष्कळांस वाटे. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतील लेक्सिंग्टन येथे डॉ. हॅरिस इझ्बेल व त्यांच्या सोबत्यांनी काही मनुष्यांस चांगला आहार व जीवनसत्त्वे देऊन कित्येक आठवडे दारू पाजली व मग ती एकदम बंद केली. पोट भरलेले असूनही त्यांस कंप सुटला. काहींस झटके आले व भ्रमही झाला. असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही; पण दोष दारू तुटण्याचाच, हे त्याने ठरले.

कंप बहुधा शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत सुरू होतो. आकडी येणे असल्यास ती साधारण ४८ तासांच्या आत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कित्येकांस ताप चढून भ्रम होतो, भिंतीवर किडे व साप दिसतात. भगताची आठवण होते ती ह्याच वेळी, आणि मृत्यूचे भयही ह्याच वेळी अधिक. ज्याने अनेकदा सोडून पुन्हा धरली, त्याची प्रत्येक खेप बहुधा मागच्याहून जड जाते.

पुन्हा घोटभर पाजल्याने कंप थांबतो खरा, परंतु ते गाडी पुन्हा मागे ओढून धरणेच होय. डॉक्टर डायझेपामसारखे औषध देतात. ते त्याच शांत बाजूस बळ देते, व काही दिवसांत त्याचे प्रमाण उतरवीत नेतात. सोबत थायमिन हे जीवनसत्त्व टोचतात. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याने दारू सोडण्यापूर्वीच दवाखाना गाठावा. अशास खोलीत कोंडू नये, एकटेही ठेवू नये. आकडी आल्यास कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये, कांदा अगर जोडा हुंगविण्यात वेळ दवडू नये. महाराष्ट्रात १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांस तीन गोष्टी न लपविता सांगाव्या: रोज किती पीत असे, शेवटचा घोट कोणत्या वेळी घेतला, आणि पूर्वी सोडली तेव्हा आकडी आली होती काय.