गणिताच्या जोडीला अर्थशास्त्र

चि. बाळ यास,

तुझे पत्र पावले. गणित हा मुख्य विषय कायम ठेवून अर्थशास्त्रही तितक्याच पूर्णतेने घ्यावे की काय, या तुझ्या प्रश्नास माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र पदवीचे वजन वाढावे आणि नोकरीची तजवीज सुलभ व्हावी, एवढ्याच हेतूने तू ते घेणार असशील, तर तो हेतू मला फार तोकडा वाटतो.

मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणित शिकविणाऱ्या दादाभाई नौरोजींनीच पुढे हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा हिशेब जगापुढे मांडला, हे तुला ठाऊक आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणितही शिकविलेल्या गोपाळराव गोखल्यांनी १९०२ साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना सरकारचेच आकडे हाती घेतले, आणि खजिन्यातील शिल्लक ही रयतेच्या सुबत्तेची खूण नसून, रुपयाचा भाव चढल्यावरही पूर्वीचे जड कर तसेच चालू ठेवल्याचे ते फळ आहे, असे सप्रमाण दाखविले. पुढच्या वर्षी मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. बेरीज सरकारी कारकुनांचीही बिनचूक होती. ती शिल्लक कोणाच्या तोंडचा घास काढून साठली, हा प्रश्न मात्र गोखल्यांनी विचारला, आणि तो विचारण्याची दृष्टी तुझ्या अंगी यावी, यासाठी मी हा आग्रह धरीत आहे.

तीच दृष्टी गावच्या आकड्यांनाही लागते. कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची पाहणी १९१७ साली प्रसिद्ध केली. तेथील सरासरी जमीनधारणा १७७१ मध्ये सुमारे ४० एकर होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली. तू म्हणशील, सरासरी निघाली, काम झाले. परंतु वाटण्यांनी जमिनीचे किती तुकडे पडले, कर्जाचा बोजा कोणावर किती, उत्पन्नातून घर चालते की मजुरीला बाहेर पडावे लागते, हे त्या एका आकड्यात कोठेच दिसत नाही, आणि खरा अभ्यास तेथूनच सुरू होतो.

तुला गणित येत असल्यामुळे मागणी-पुरवठ्याच्या वक्ररेषा तुला सहज वश होतील, आणि नेमका तोच तुझा धोका आहे. सिद्धांत सुबक दिसला की त्याची गृहीतके तपासण्याचा कंटाळा येतो. म्हणून संख्याशास्त्र मन लावून कर, आणि आर्थिक इतिहासाची पत्रिका कितीही रुक्ष वाटली तरी टाळू नकोस. सुटीत गावी आलास म्हणजे तलाठ्याकडे बसून आपल्या शिवारातील सात-बाराचे उतारे वाच.

अर्ज मुदतीत भर, आणि कोणत्या पत्रिका निवडल्यास ते उलट टपाली कळव.

तुझा,
मामा