किराण्याचा रतीब

दूध आणि वर्तमानपत्र या दोन गोष्टींचा रतीब लावण्याची पद्धत भारतीय शहरांना जुनीच आहे. एकदा सांगून ठेवले की ठरलेल्या वेळी वस्तू दारात येते, गावाला जायचे असल्यास खाडा सांगायचा आणि महिनाअखेर हिशेब चुकता करायचा, असा हा साधा व्यवहार आहे. किराणा माल मात्र दीर्घकाळ या पद्धतीच्या बाहेर राहिला. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यादी घेऊन वाण्याकडे जाणे आणि मध्येच काही संपले तर मुलाच्या हाती पिशवी देऊन त्याला दुकानात पिटाळणे, हीच बहुसंख्य कुटुंबांची रीत होती. संगणक आणि मोबाइल यांच्या साहाय्याने होणाऱ्या खरेदीमुळे या रीतीला एक पर्याय उपलब्ध झाला. अमेरिकेत ॲमेझॉन या कंपनीने २००७ मध्ये नेहमी लागणाऱ्या वस्तू ठरावीक कालांतराने आपोआप घरी पाठविण्याची आणि त्याबद्दल किमतीत सूट देण्याची योजना सुरू केली. भारतात २०१५ मध्ये गुरुग्राम येथे सुरू झालेल्या मिल्कबास्केट या कंपनीने दुधाच्या रतिबाबरोबर किराणाही सकाळी दारात पोचविण्यास प्रारंभ केला. २०२१ मध्ये ही कंपनी रिलायन्स रिटेलने घेतली. इतरही अनेक कंपन्या या क्षेत्रात उतरल्या. त्यांपैकी काही टिकल्या, काही बंद पडल्या.

अशा रतिबाने घरखर्चात बचत होते, असे विक्रेते सांगतात. हे विधान कितपत खरे आहे हे ठरविण्यापूर्वी विक्रेत्याला सूट देणे परवडते तरी कसे, हे पाहणे इष्ट होय.

मालाची किंमत ही केवळ मालाची नसते. गुदामाचे भाडे, पडून राहिलेल्या मालात गुंतलेले भांडवल, नासधूस आणि शेवटी तो माल घरापर्यंत नेण्याचा खर्च, हे सर्व तीत सामावलेले असते. यांपैकी शेवटचा खर्च सर्वांत अवघड. एका घरी एक किलो साखर पोचवावयाची असो की वीस किलोंचा भरणा, माणूस आणि वाहन यांची फेरी जवळजवळ सारखीच पडते. अमेरिकेतील वेबव्हॅन या कंपनीची कथा या संदर्भात उद्‌बोधक आहे. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात तिने घरपोच किराण्याचा व्यवसाय सुरू केला. प्रचंड यांत्रिक गुदामे उभारली आणि अल्पावधीत अनेक शहरांत विस्तार केला. परंतु गुदामांच्या क्षमतेच्या मानाने मागण्या आल्याच नाहीत. गिऱ्हाइके दूरदूर विखुरलेली, मागण्या अनिश्चित आणि प्रत्येक फेरीचा खर्च मात्र ठाम. जुलै २००१ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले.

रतीब लावणारे गिऱ्हाईक या अनिश्चिततेवरचा उतारा असते. पुढील महिन्याच्या १० तारखेला एका वसाहतीतील साठ घरांना किती तेल आणि किती साबण लागणार हे आधीच ठाऊक असल्यास विक्रेत्याला तेवढाच माल मागविता येतो आणि एकाच फेरीत साठ घरे उरकता येतात. येथे जी बचत होते ती खरी आहे. सूट म्हणजे त्या बचतीतील गिऱ्हाइकाचा वाटा होय. पण सूट देण्यामागे दुसरेही एक कारण असते आणि त्याचा उच्चार जाहिरातीत होत नाही. ज्याने रतीब लावला तो माणूस दर महिन्याला भाव पाहावयाचे सोडून देतो. वाण्याच्या दुकानात उभे राहून ‘गेल्या खेपेला तर दोन रुपये कमी होते’ असे म्हणणारी गृहिणी आणि बँकेच्या खात्यातून आपोआप पैसे वळते होऊ देणारे कुटुंब, यांत विक्रेत्याला दुसरे अधिक सोयीचे वाटावे, हे स्वाभाविकच आहे.

याच ठिकाणी एक गैरसमज दूर केला पाहिजे. दुधाचा रतीब लावताना भाव ठरलेला असतो, म्हणून किराण्याच्या रतिबातही भाव बांधलेला असेल अशी समजूत सहज होते. बहुतेक योजनांत तसे नसते. माल रवाना होण्याच्या वेळी जो भाव असेल त्यावर ठरावीक टक्के सूट मिळते. तूरडाळ १६० रुपयांवरून १८५ रुपयांवर गेली तर पाच टक्के सूट वजा जाता ती १७५ रुपये ७५ पैशांना पडेल, म्हणजे आधीच्या विनासवलत भावापेक्षाही सुमारे सोळा रुपये महाग. सूट मिळालेली असते हे खोटे नाही. पण बचत झाली असे म्हणणे कठीण आहे. पूर्वी, आणि अद्यापही काही घरांत, उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरून ठेवीत. गहू वाळवून कणग्यांत किंवा पत्र्याच्या कोठ्यांत घालावयाचा, डाळीला एरंडेल चोळावयाचे, मध्ये कडुनिंबाचा पाला पसरावयाचा, हा खटाटोप ज्या काटकसरीसाठी केला जाई, तिचे तत्त्व वेगळे होते. सुगीनंतर बाजारात आवक वाढून भाव उतरला असताना वर्षाची खरेदी एकदम उरकावयाची, म्हणजे पुढे भाव चढला तरी घराला झळ पोचत नाही. रतीब ही झळ थांबवीत नाही. फार तर ती किंचित सौम्य करतो.

आता हिशेबाकडे वळावयास हरकत नाही. पहिली गोष्ट म्हणजे तुलना पुड्याच्या किमतीची नव्हे, तर एककाच्या किमतीची केली पाहिजे. २०११ च्या वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियमांनुसार वेष्टनावर निव्वळ वजन आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे. २०२१ मध्ये केलेल्या दुरुस्तीने त्यात दोन महत्त्वाचे बदल झाले. अनेक वस्तूंचे पुडे ठरावीक वजनांचेच असावेत हे बंधन उठले आणि त्याऐवजी एककाची विक्री किंमत छापण्याची तरतूद आली. पहिल्या बदलामुळे ९०० किंवा ८५० ग्रॅमचा पुडा किलोच्या पुड्याशेजारी दिमाखाने उभा राहू शकतो. दुसरा बदल त्यावरचा उपाय आहे. मात्र एक खुबी ध्यानात ठेवावी. किलोहून कमी वजनाच्या पुड्यावर ही किंमत दर ग्रॅमला आणि किलोहून अधिक वजनाच्या पुड्यावर दर किलोला दिलेली असते. तेव्हा पहिल्या आकड्याला हजाराने गुणल्याखेरीज दोहोंची तुलना होत नाही. ०.१७ रुपये हा आकडा दिसावयास लहान आहे, पण तो १७० रुपये किलोचा भाव आहे.

दुसरी गोष्ट नासाडीची. समजा, डाळीचा एक किलोचा पुडा १६० रुपयांना मिळतो आणि पाच किलोंचे पोते रतिबात आठ टक्के कमी दराने, म्हणजे ७३६ रुपयांना येते. बचत ६४ रुपयांची झाली. पण पावसाळ्यात त्यातील ४०० ग्रॅम डाळीत किडे होऊन ती टाकावी लागली, तर उरलेल्या ४ किलो ६०० ग्रॅमची सुट्या भावाने किंमत नेमकी ७३६ रुपयेच होते. सारी बचत किड्यांनी खाल्ली. म्हणून मोठ्या प्रमाणात काय घ्यावे, हे सवलतीच्या टक्क्यांवरून न ठरविता वस्तूच्या स्वभावावरून ठरवावे. कपड्यांचा व भांड्यांचा साबण, मीठ, साखर यांना, ओल लागू न दिल्यास, महिना-दोन महिने काही होत नाही. कणकेची गोष्ट निराळी. गव्हाच्या अंकुरातील आणि कोंड्यातील स्निग्धांश दळल्यानंतर हवेच्या संपर्कात येतो आणि काही आठवड्यांत तिला खवट वास येऊ लागतो, दमट हवेत जाळीही धरते. शेंगदाणे, सुके खोबरे, रवा यांच्या बाबतीतही सावधगिरी हवी. तेलाचा मोठा डबा एकदा फोडला की त्याचे आयुष्य घटू लागते, हेही विसरता कामा नये.

तिसरी गोष्ट म्हणजे खपाचा वेग. आपल्या घरात महिन्याला किती चहा लागतो असे विचारल्यास बहुतेकांचे उत्तर अंदाजाचे असते आणि अंदाज सहसा वरच्या बाजूला चुकतो. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. पुडा फोडताना त्यावर पेन्सिलीने तारीख घालावी आणि संपला त्या दिवशी वहीत टिपून ठेवावे. तीन पुड्यांची सरासरी काढली की खपाचा वेग बऱ्यापैकी कळतो. अर्धा किलो चहा ३८ दिवस पुरत असेल, तर महिन्याचा रतीब लावणाऱ्या घरात प्रत्येक खेपेस आठ दिवसांचा चहा शिल्लक पडेल आणि वर्षअखेर फळीवर सुमारे अडीच पुडे साठलेले दिसतील. घरात साठा दिसला की हात सैल सुटतो, हा तर सर्वांच्याच अनुभवाचा विषय आहे.

सवलतीचे टप्पे ही चौथी आणि अधिक फसवी बाब. अमेरिकेतील उपरोक्त योजनेत एकाच पत्त्यावर एकाच खेपेत पाच वा अधिक वस्तू घेतल्यास अधिक सूट देण्याची पद्धत पडली. तिचे गणित रुपयांत मांडून पाहू. चार वस्तूंची किंमत १,६०० रुपये आणि सूट पाच टक्के, म्हणजे देणे १,५२० रुपये. पाचवी ३०० रुपयांची वस्तू घेतल्यास एकूण १,९०० वर पंधरा टक्के सूट मिळून देणे १,६१५ रुपये होते. पाचवी वस्तू घरात खरोखरच लागणारी असेल, तर ती ९५ रुपयांत पडली आणि सौदा उत्तम झाला. ती केवळ टप्पा गाठण्यासाठी घेतली असेल, तर २८५ रुपये वाचल्याच्या समाधानात ९५ रुपये अधिक गेले, एवढाच त्याचा अर्थ.

या सर्व गणिताला एक पूर्वअट आहे, आणि ती बहुधा अनुल्लेखित राहते. एका वेळी पाच किलो डाळीचे पैसे हाती असणे, ती ठेवावयास कोरडी जागा असणे आणि आपोआप पैसे वळते होऊ देण्याइतकी शिल्लक बँकेत असणे, ही ती अट होय. रोजंदारीवर जगणारे कुटुंब पावशेर डाळ आणि तेलाची पुडी विकत घेते ते त्याला हिशेब कळत नाही म्हणून नव्हे. त्या दिवशी तेवढेच पैसे हाती असतात. वाणी त्याला उधारीवर माल देतो; त्या उधारीची किंमत तो भावात वसूल करीत असेलही, पण काम नसलेल्या आठवड्यात चूल पेटते ती त्याच्या वहीमुळे. घाऊक खरेदीची सूट अशा रीतीने ज्यांच्याकडे आधीच थोडेफार आहे त्यांच्याकडेच वाहत जाते.

ही अडचण एकेकट्या कुटुंबाला ओलांडता येत नाही, पण अनेक कुटुंबे एकत्र आल्यास काही प्रमाणात ओलांडता येते, याचे उदाहरण जपानमध्ये सापडते. तेथे १९५६ च्या सुमारास त्सुरुओका या शहरातील सहकारी संस्थेने शेजारच्या सभासद कुटुंबांचे लहान गट पाडले. अशा गटाला ‘हान’ म्हणतात. १९६५ मध्ये टोकियोच्या सेतागाया भागात सुमारे दोनशे गृहिणींनी मिळून दुधाच्या तीनशे बाटल्यांची एकत्र खरेदी सुरू केली. त्यातून सेइकात्सु क्लब ही संस्था उभी राहिली. तिची पद्धत अशी, की गटातील प्रत्येक घराने आपली मागणी आगाऊ नोंदवावयाची, माल एकाच ठिकाणी उतरावयाचा आणि वाटणी शेजारणींनी आपसांत करावयाची. घरोघर फेरी घालण्याचा खर्च अशा रीतीने सभासदांनीच आपल्या श्रमाने वाचविला. एका वस्तूचे दहा प्रकार ठेवण्याऐवजी एकच चांगला प्रकार ठेवण्याचे धोरणही त्यांनी स्वीकारले, कारण मागणी एकवटली की उत्पादकाशी भावाबरोबरच गुणवत्तेबद्दलही बोलता येते. या संस्थेला १९८९ मध्ये राइट लाइव्हलिहूड पुरस्कार मिळाला. पुढे स्त्रिया मोठ्या प्रमाणावर नोकरीसाठी बाहेर पडू लागल्या, दुपारी माल उतरवून घेण्यास घरी कोणी उरेना, तेव्हा हानऐवजी प्रत्येक घरी स्वतंत्र पेटी पोचविणे जपानी सहकारी संस्थांना भाग पडले. सोय वाढली आणि फेरीचा खर्चही परत आला. भारतात १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीची मासिक वाटपव्यवस्थाही याच जातीची आहे: शेजारच्या कुटुंबांचा संघ, आगाऊ मागणी आणि एका घरी उतरलेल्या मालाची आपसांत वाटणी.

रतीब लावणे सोपे आणि सोडणे अवघड, ही तक्रार जगभर ऐकू येते. भारतात याविषयी काही नियम झाले आहेत. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार ग्राहकाची संमती आधीच खूण केलेल्या चौकटीद्वारे गृहीत धरता येत नाही. कार्डावरून वारंवार वळत्या होणाऱ्या रकमांबाबत भारतीय रिझर्व्ह बँकेची चौकट ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णतः लागू झाली. तीनुसार रक्कम वळती होण्यापूर्वी किमान २४ तास ग्राहकाला सूचना मिळाली पाहिजे आणि तो व्यवहार नाकारण्याची सोय त्याला असली पाहिजे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीचे १३ प्रकार निषिद्ध ठरविले. टोपलीत न मागितलेली वस्तू गुपचूप घालणे, शेवटच्या पायरीवर नवा आकार जोडणे आणि वर्गणी रद्द करण्याचा मार्ग मुद्दाम बिकट करणे, हे त्यांतील काही होत.

बँकेची ती २४ तासांची सूचना बहुतेक लोक न वाचताच पुसून टाकतात. वस्तुतः महिन्याचा भाव तपासण्याची तीच वेळ असते. सूचना आली की त्या दिवशीचा एककाचा भाव कोपऱ्यावरच्या वाण्याच्या आणि घाऊक पेठेच्या भावाशी ताडून पाहावा. पेठेत जाण्यायेण्याचा खर्चही त्यात धरावा. फळीवरचा शिल्लक साठा पाहावा, आणि गरज नसल्यास दूधवाल्याला सांगतात तसा त्या महिन्याचा खाडा सांगावा. अनेक वाणी महिन्याची संपूर्ण यादी एकरकमी घेतल्यास भावात थोडे कमी करतात व माल घरीही पाठवितात. मात्र त्यासाठी विचारावे लागते.