ऑक्टोपस आणि कटलफिश : बुद्धीची दोन रूपे

कोकणच्या मासळीबाजारात ‘म्हाकूळ’ या नावाखाली जे प्राणी विकले जातात, त्यांत कटलफिशचाही समावेश होतो. समुद्र कधीही न पाहिलेल्या माणसालाही या प्राण्याचा एक भाग परिचित असण्याचा संभव आहे. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा पांढरा, हलका समुद्रफेस म्हणजे कटलफिशच्या पाठीतील अंतःकवच होय. ऑक्टोपसला असे कवच नसते. हे दोन्ही प्राणी मासे नव्हेत. गोगलगाय आणि कालव ज्या मृदुकाय संघात मोडतात, त्याच संघातील ते आहेत. परंतु बुद्धीच्या बाबतीत ते आपल्या या आप्तांच्या फार पुढे गेले आहेत. मग या दोघांत अधिक बुद्धिमान कोण?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी त्यांची जीवनपद्धती पाहिली पाहिजे. ऑक्टोपस समुद्राच्या तळाशी बिळात राहतो, खडकांच्या फटी चाचपतो, शिंपले उघडतो. त्याच्या सुमारे ५० कोटी तंत्रिका कोशिकांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश कोशिका त्याच्या आठ बाहूंत असतात. कटलफिशला आठ बाहूंखेरीज दोन लांब संस्पर्शक असतात. तो आसपासच्या तळासारखा रंग धारण करून निश्चल राहतो आणि भक्ष्य टप्प्यात येताच संस्पर्शक फेकून ते पकडतो. एकाचा भर स्पर्शावर, तर दुसऱ्याचा दृष्टीवर व दबा धरण्यावर असतो.

ऑक्टोपसच्या बुद्धीचे पुरावे या जीवनपद्धतीला साजेसेच आहेत. लाल व पांढऱ्या चेंडूंपैकी एक निवडण्यास शिकलेल्या ऑक्टोपसला पाहून दुसरा ऑक्टोपसही तोच चेंडू निवडू लागतो, असे फिओरितो व स्कोत्तो या इटालियन संशोधकांनी १९९२ मध्ये नोंदविले. इंडोनेशियाच्या समुद्रातील काही ऑक्टोपस टाकून दिलेल्या नारळाच्या करवंट्या पोटाखाली धरून नेतात आणि पुढे त्यांचा आसरा करतात, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

कटलफिशची परीक्षा निराळ्या रीतीने घ्यावी लागते. भारतीय किनाऱ्यावरही आढळणाऱ्या ‘सेपिया फाराओनिस’ या जातीवरील तैवानमधील प्रयोगांत, चार आणि पाच कोळंब्यांतील फरक ओळखून ती पाचांचा गट पसंत करते, असे २०१६ मध्ये दिसून आले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात दुसऱ्या जातीच्या कटलफिशांसमोर साधे खाद्य लगेच, तर आवडीची जिवंत कोळंबी काही वेळाने, असा पर्याय ठेवला होता. त्यांनी चांगल्या खाद्यासाठी १३० सेकंदांपर्यंत धीर धरला. ज्यांनी अधिक वेळ वाट पाहिली, ते नव्या गोष्टीही लवकर शिकले.

यावरून कोणता निष्कर्ष निघतो? बरणीचे झाकण उघडणे ही कसोटी ठेवली, तर ऑक्टोपस जिंकेल. परंतु तेथे बुद्धीबरोबर बाहूंचीही परीक्षा होते. ऑक्टोपसला सोयीच्या कसोटीत कटलफिश मागे पडला, म्हणून तो मंदबुद्धी ठरत नाही. बुद्धी ही एकच शिडी नसून तिच्या अनेक वाटा आहेत. दोघांचेही आयुष्य बहुधा एक-दोन वर्षांचे असते. आई पिलांना शिकविण्यास जिवंत राहत नाही. त्यामुळे प्रत्येक पिलू सारे स्वतःच शिकते.

हा विचार केवळ कुतूहलाचा नाही. प्रयोगांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या संरक्षणाच्या नियमांत युरोपीय संघाने २०१० मध्ये या प्राण्यांचा समावेश केला, आणि ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्याने त्यांना संवेदनशील मानले. एखाद्या प्राण्याला सुखदुःखाची जाणीव आहे की नाही, हे ठरविताना आपली मोजपट्टी चुकली, तर त्याची किंमत त्या प्राण्याला मोजावी लागते. म्हणून कोण अधिक बुद्धिमान असे विचारण्याआधी, त्याच्या जगण्याला कोणत्या बुद्धीची गरज आहे, हे विचारणे अधिक शास्त्रीय ठरते.