जुळी बाळं आणि वजनातली तफावत

जुळं आहे असं कळलं की घरात आनंद दुप्पट आणि सल्ले चौपट! आईने भरपूर खावं, हा तर ठरलेलाच सल्ला. पण दोघांपैकी एकच बाळ नीट वाढत नसेल, तर त्याचं कारण बहुतेक वेळा आईच्या ताटात नसतं, वारेत असतं. दोष मात्र आईला दिला जातो. म्हणून हा विषय घरातल्या सगळ्यांनीच समजून घ्यायला हवा.

वार एक की दोन?

दोन वेगळ्या बीजांडांपासून झालेल्या जुळ्यांना प्रत्येकी स्वतंत्र वार असते. एकाच बीजांडापासून झालेल्या जुळ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जोड्यांत मात्र एकच वार दोघांत वाटलेली असते, आणि ही वाटणी समान असेलच असं नाही. ज्याच्या वाट्याला लहान भाग येतो, ते बाळ मागे पडतं. शिवाय या वारेतल्या दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. अशा १०० गरोदरपणांपैकी १० ते १५ मध्ये एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जाऊ लागतं. हे गंभीर असतं. गरज पडल्यास गर्भाशयात दुर्बीण घालून लेसरने त्या वाहिन्या बंद करतात.

स्वतंत्र वार असली तरी एकाची वार कमजोर असू शकते. वार एक की दोन, हे साधारण ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत चांगलं कळतं. तेव्हाच विचारून घ्यावं.

तफावतीचा हिशोब

मोठ्या बाळाच्या वजनातून लहानाचं वजन वजा करा, मोठ्याच्या वजनाने भागा आणि १०० ने गुणा. उदाहरणार्थ, २००० आणि १५०० ग्रॅम म्हणजे २५ टक्के. इथे ब्रिटनमध्ये 'नाइस'च्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तफावत २० टक्के झाली की तपासण्या वाढवतात. २५ टक्के किंवा जास्त असेल तर मोठ्या तज्ज्ञ केंद्राकडे पाठवतात. एकच वार असेल तर १६ व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी होते. "बरं वाटतंय" म्हणून ती चुकवू नये, कारण ही तफावत आईला जाणवत नाही. सोनोग्राफीतलं वजन अंदाजे असतं, त्यामुळे नाळेतला रक्तप्रवाहही पाहतात.

जन्मानंतर

लहान बाळाच्या अंगात चरबी कमी, म्हणून ते लवकर गार पडतं. रक्तातली साखरही उतरते. जन्म वेळेआधी झाला असेल तर श्वासाचा त्रास, कावीळ आणि दूध ओढता न येणं हेही आलंच. अशा वेळी कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला आईच्या किंवा बाबांच्या उघड्या छातीशी धरणं, फार उपयोगी पडते. ही पद्धत १९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात, इन्क्युबेटर अपुरे पडल्यामुळे सुरू झाली. आज जागतिक आरोग्य संघटनाही तिची शिफारस करते.

मंडळी, आपल्या निधीतून उपकरणं येतील. वेळेवर तपासणी आणि आईला दोष न देणं, याला मात्र काही खर्च नाही!