वेठबिगारीचे उच्चाटन : वीटभट्टीपासून शाळाखोलीपर्यंत

गावातील शाळेच्या एका खोलीची दुरुस्ती निघते. ग्रामपंचायत ते काम तालुक्यातील एखाद्या लहान ठेकेदाराकडे सोपविते. ठेकेदाराजवळ चार गवंडी व एक टेम्पो एवढाच पसारा असतो. विटा तो पुरवठादाराकडून घेतो, पुरवठादार त्या भट्टीवरून उचलतो, आणि भट्टीवर त्या पाडणारी जोडपी मुकादमाने दूरच्या पाड्यांवरून आणलेली असतात. कामाच्या देयकात विटांची संख्या व दर यांची नोंद होते. पण त्या कोणी पाडल्या आणि पाडणारा मोकळा होता की बांधलेला, याची नोंद करण्यास तेथे रकाना नसतो.

ठाणे, पालघर व रायगड या जिल्ह्यांत भट्टीचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो आणि पुढील पाऊस येईपर्यंत चालतो. कातकरी कुटुंबांच्या घरी भाताची कणगी असली तरी ती फार काळ पुरत नाही. नेमक्या अडचणीच्या दिवसांत मुकादम पाड्यावर येतो आणि उचल देतो. आजारपण, लग्न किंवा मागील वर्षीची बाकी यांत ही रक्कम तत्काळ संपून जाते. त्यानंतर नवरा, बायको आणि पुष्कळदा मुलेही भट्टीवरील झोपडीत राहावयास जातात. आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते व हिशेब हंगामाच्या अखेरीस होतो.

तो हिशेब कसा होतो हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहता येईल. समजा, एका जोडप्याने ३५,००० रुपये उचल घेतली. हजार विटांचा दर ८०० रुपये ठरला. आठवड्याला ३,५०० याप्रमाणे २४ आठवड्यांत त्यांनी ८४,००० विटा पाडल्या. त्यांची मजुरी ६७,२०० रुपये होते. तीतून उचल आणि आठवड्याला १,००० रुपयांप्रमाणे २४,००० रुपये खर्ची वजा जाता ८,२०० रुपये जोडप्याच्या हाती यावयास हवेत. परंतु वही मालकाजवळ असते. अवेळी पावसाने भिजलेल्या व फुटलेल्या म्हणून १२,००० विटा कापल्या जातात, दवाखान्याचे म्हणून ५,००० रुपये नावे पडतात, आणि जोडपे ६,४०० रुपयांचे देणेकरी ठरते. पुढील वर्षी त्यांनी त्याच भट्टीवर येणे भाग पडते. यात मारहाण नाही, कुलूप नाही. केवळ एक वही आहे. म्हणूनच तपासणीस गेलेला अधिकारी पुष्कळदा ‘मजूर स्वखुशीने राहतात’ असा शेरा मारून परततो.

कायद्याची दृष्टी मात्र निराळी आहे. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठ व सक्तीच्या श्रमास मनाई केली आहे. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ हा २५ ऑक्टोबर १९७५ पासून अमलात आलेला असून, त्याने अशी पद्धती रद्द केली व तिच्यापोटीचे कर्जही संपुष्टात आणले. कर्जापोटी काम करणाऱ्यास किमान वेतनाहून कमी मजुरी मिळत असेल, अथवा दुसरीकडे काम करण्याची वा अन्यत्र जाण्याची मोकळीक नसेल, तर ती वेठबिगारी ठरू शकते. साखळदंड दिसलाच पाहिजे असे नाही. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली, किमान वेतनाहून कमी मजुरीवर घेतलेले काम हे सक्तीचे श्रम होत, असा निर्णय दिला. गरज हीदेखील एक सक्तीच आहे, हे त्या निर्णयाचे सार होय.

ठाणे जिल्ह्याला हा विषय नवा नाही. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी पती-पत्नीने सावकाराकडे राबावयाचे, या ‘लग्नगडी’ पद्धतीविरुद्ध वारली समाज १९४५ साली उभा राहिला. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्याची हकीकत आहे. आजची उचल त्या कर्जाची धाकटी बहीणच म्हणावी लागेल.

मग ग्रामपंचायतीने काय करावयाचे? ‘आमच्याकडे वेठबिगार नाहीत’ असे प्रतिज्ञापत्र ठेकेदाराकडून लिहून घेणे हा सर्वांत सोपा व सर्वांत निरुपयोगी उपाय होय. त्याऐवजी कार्यादेशातच भट्टीचे नाव व ठिकाण नमूद करण्याची अट घालावी. प्रत्येक कुटुंबाजवळ विटांची व खर्चीची स्वतंत्र वही असावी आणि दर आठवड्यास तीत नोंद व्हावी, असाही आग्रह धरावा. लहान ठेकेदाराला हे जड जाईल असे म्हटले जाते. पण विटेचा कस पाहण्यास तो भट्टीवर जातोच. त्याच फेरीत दोन कुटुंबांशी, मालक जवळ नसताना, बोलणे अवघड नाही. फार स्वस्त दराच्या निविदेकडेही या दृष्टीने पाहिले पाहिजे. किमान वेतन देऊन जो दर परवडतच नाही, त्यातील तूट कोणीतरी आपल्या अंगमेहनतीने भरीत असतो.

शिक्षकाला ही बाब सर्वांआधी कळते. दिवाळीनंतर पटावरील ठरावीक मुले दिसेनाशी होतात. त्यांची नावे कमी करण्याऐवजी ती कोठे गेली याची नोंद ठेवून जवळच्या शाळेस कळविल्यास मुलाचे वर्ष वाचते आणि कुटुंबाचा ठावठिकाणाही राहतो.

संशयास्पद प्रकार आढळल्यास खरेदी गुपचूप बंद करून मोकळे होऊ नये. त्याने मजुराची सुटका होत नाही, उलट तो दूरच्या भट्टीवर हलविला जातो. प्रथम जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांस लेखी कळवावे. जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्यांची तरतूद कायद्यातच आहे. कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर असते, मजुरावर नव्हे. गावातील प्रतिष्ठित मंडळी पुष्कळदा ‘निम्मी उचल फेडून टाका आणि मोकळे व्हा’ अशी तडजोड घडवून आणतात. हेतू चांगला असेल. परंतु संपुष्टात आलेल्या कर्जाची रक्कम स्वीकारणे हाच गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे.

मुक्तता प्रमाणपत्राविना सुटका अपुरी राहते. केंद्राच्या २०१६ च्या पुनर्वसन योजनेत प्रौढ पुरुषास एक लाख, स्त्रिया व बालकांस दोन लाख आणि अतिशोषणाच्या प्रकरणी तीन लाख रुपये साहाय्य ठरविले गेले. तातडीची मदत खटल्याच्या निकालावर अवलंबून ठेवलेली नाही. ज्या गावातून कुटुंब गेले त्या गावच्या पंचायतीने शिधापत्रिका, जातीचा दाखला व बँक खाते यांची पूर्तता अगोदरच करून ठेवली, तर हे साहाय्य पुढील हंगामाची उचल वाटली जाण्यापूर्वी त्याच्या हाती पडू शकते.